परसबागेतील माती: जस्त कमी, शिसे जास्त

परभणीतील आमच्या परसबागेच्या दोन वाफ्यांचे माती परीक्षण अहवाल हाती आले आहेत. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता) दोन्हीकडे ८.३ च्या आसपास, पालाश भरपूर आणि सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांखाली आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे अपेक्षितच होते. पिकाला उपलब्ध जस्त ०.४८ पीपीएम (दशलक्ष भागांत ०.४८ भाग), म्हणजे ०.६ या किमान पातळीच्या खाली आहे, आणि लोहही ४.५ पर्यंत पोहोचत नाही. लिंबाच्या नव्या पालवीवर पडणाऱ्या केवड्याचा, म्हणजे पाने पिवळी पडण्याचा, उलगडा त्यातून होतो.

मृदा आरोग्य पत्रिकेच्या (सरकारी माती परीक्षण अहवालाच्या) १२ घटकांत शिशासारखे विषारी जड धातू येत नाहीत, त्यामुळे शिशाची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी लागली. रस्त्याकडच्या वाफ्यात एकूण शिसे मागच्या वाफ्याच्या दुपटीहून अधिक निघाले. वाहनांच्या धुरातून शिसे सोडणारे शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झाले असले, तरी शिसे पाण्याबरोबर सहसा खाली झिरपत नाही, ते वरच्या थरालाच धरून राहते. शिवाय त्या बाजूच्या लोखंडी फाटकाच्या जुन्या रंगाचे (अशा रंगात शिसे असू शकते) पापुद्रे तिथेच गळत आले आहेत. म्हणून शिशासाठी वरच्या ५ सेंटीमीटरचा नमुना वेगळा घ्यावा, असा माझा आग्रह आहे. नेहमीच्या १५ ते २० सेंटीमीटर खोल नमुन्यात तो मिसळला, की शिशाचा आकडा फसवा, कमी उतरतो. (जस्त तपासायचे असल्यास माती गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, बादलीत गोळा करू नये.)

खरा पेच पुढे आहे. जस्त आणि लोह पिकाला मिळावे म्हणून गंधक घालून सामू उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु ज्या चुन्यामुळे आणि चढ्या सामूमुळे जस्त अडकून पडते, त्यांच्यामुळेच शिसेही मातीत बांधलेले राहते आणि मुळांना सहजी मिळत नाही. एकाची वाट मोकळी करताना दुसऱ्याचीही होऊ शकते, म्हणून रस्त्याकडच्या वाफ्यात गंधक घालायचे नाही, असे मी ठरवले आहे. त्याऐवजी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम चुना मिसळून पानांवर फवारणी सुरू केली असून, लोहासाठी चिलेटेड स्वरूपाचा (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेल्या, चढ्या सामूतही न अडकणाऱ्या लोहाचा) वापर करीत आहे. शेणखत मात्र दोन्ही वाफ्यांना सढळ हाताने दिले, कारण सेंद्रिय पदार्थही शिशाला धरून ठेवतात.

पालक, मेथी, मुळा आणि गाजर आता मागच्या वाफ्यात हलवले आहेत. रस्त्याकडच्या वाफ्यात वांगी, भेंडी आणि दोडका राहतील, कारण फळांत शिसे फारच कमी पोहोचते. पालेभाज्यांचा मोठा धोका मुळांपेक्षा पानांवर बसणाऱ्या धुळीचा आणि पावसाने उडणाऱ्या मातीचा असतो, म्हणून सोयाबीनच्या भुश्याचे जाड आच्छादन अंथरले आहे. शहरी कंपोस्ट विकत घेताना शिशाचा अहवाल मागून घेणार आहे. त्याची कमाल मर्यादा किलोमागे १०० मिलीग्रॅम आहे.