फुलामागची ताडपत्री

पाऊस तोंडावर आला की मुंबईत जिकडे तिकडे निळ्या ताडपत्र्या चढतात. टपरीवर, गच्चीवर, खिडकीच्या ग्रिलवर. आणि त्याच ग्रिलमध्ये मोगऱ्याची कुंडी असते. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावून फुलाच्या जवळ गेलं की पाकळ्यांवर आजारी निळसर झाक येते, आणि शिव्या कॅमेऱ्याला बसतात. पांढरी पाकळी शेजाऱ्याचा रंग लगेच उचलते. पानांच्या दाटीत ती हिरवट होते, विटांच्या भिंतीजवळ तांबूस. व्हाइट बॅलन्स, म्हणजे अख्ख्या फोटोची रंगाची झाक सुधारणारी कॅमेऱ्यातली सोय, बदलून हे पुरतं जात नाही, कारण एका बाजूनं आभाळाचा उजेड येतो आणि दुसऱ्या बाजूनं ताडपत्रीचा; एक सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो. ताडपत्रीच्या बाजूला, फुलापासून वीतभर अंतरावर साधा पांढरा कागद उभा धरला की काम होतं.

फुलांचे फोटो काढणारे आधी फूल शोधतात. खरं तर आधी मागचं बघावं, मग त्यापुढे फूल मिळतंय का ते पाहावं. १०० मिलिमीटरच्या लेन्सनं फूल कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर मूळ आकाराचं घेतलं, तर एफ/८ ला (एफपुढचा आकडा वाढतो तसं लेन्सचं छिद्र बारीक होतं) जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर रेखीव येतो. म्हणजे दोन-चार पुंकेसर आणि पाकळीची एखादी कड. बाकी चौकट धूसर रंगाची. छिद्र आणखी बारीक करत एफ/१६ च्या पलीकडे गेलं तर प्रकाशाच्या विवर्तनानं, म्हणजे बारीक छिद्रातून तो पसरल्यानं, सगळंच मऊ पडतं. तेव्हा फोटो जो काही असतो, तो बराचसा त्या धूसर रंगाचाच असतो.

तो रंग कोणता असावा, यावर प्रत्येकाला शिकवलेलं उत्तर पाठ असतं: विरुद्ध रंग. तांबड्याला हिरवा. म्हणून लाल जास्वंद तिच्याच पानांवर टिपली जाते, आणि फोटो मात्र मठ्ठ येतो. तोच फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघावा. फूल आणि पान दोन्ही बहुतेक एकाच करड्या छटेचे निघतात. रंग वेगळे असले तरी उजळपणा सारखा, म्हणून डोळा कुठेच थांबत नाही. मागचं पान सावलीत असलेली जागा निवडली की तीच जास्वंद उठून दिसते. शिवाय जास्वंदीला आणखी एक दुखणं आहे. कॅमेऱ्यातला उजळपणाचा सरासरी आलेख व्यवस्थित दिसतो, पण फोटोतल्या लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलपैकी एकटा लाल केव्हाच भरून सांडलेला असतो आणि पाकळीवरच्या शिरा जाऊन सपाट लाल ठिगळ उरतं. तिन्ही चॅनेलचे आलेख वेगवेगळे बघावेत आणि एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणावं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). बहाव्याच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा असे दोन्ही चॅनेल सांडतात.

पॅरिसच्या गोबेलाँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख असलेल्या मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार आली होती. धागे ठीक होते, शेजारचा निळा त्यांना फिकं पाडत होता. शेजारचा रंग दुसऱ्या रंगाला कसा बदलतो, हे सगळं त्यानं १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. आपल्याकडे ते मे महिन्यात रस्त्यावर दिसतं. तामण आणि गुलमोहर एकाच सुमारास फुललेले असतात. तामणीमागे गुलमोहराचा लाल आला की तिचा गुलाबी-जांभळा रंग धुतल्यासारखा होतो. मागे करडं सिमेंट आलं तर तोच रंग झळकतो. करड्या सिमेंटचा तुटवडा या शहरात पडणार नाही, एवढी सोय बिल्डरांनी करून ठेवली आहे.

काळ्या पार्श्वभूमीचं मला वावडं आहे. ती करायला फार सोपी आहे, हेच वावड्याचं कारण. फ्लॅश फुलापासून वीसेक सेंटिमीटरवर, भिंत फ्लॅशपासून दोन मीटरवर. अंतर दहापट आणि उजेड अंतराच्या वर्गानं घटतो, म्हणून भिंतीवर पोचणारा उजेड शंभरावा हिस्सा. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ ठेवलं की भरदुपारी सावलीतल्या खिडकीत रात्र होते. मग गुलाब काय, झेंडू काय, सगळी फुलं लग्नाच्या अल्बममधल्या नवरीसारखी काळ्या मखमलीवर चिकटवलेली दिसतात. अपवाद मोगऱ्याचा. त्याला काळं शोभतं, पण ते केसांचं. दादरच्या गजरेवाल्या मोगऱ्यात मधूनच अबोली आणि मरवा ओवतात. पांढऱ्याला सोबत कोणती हवी, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

काळं टाळायचं तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर कार्डशीट मिळतात. चकचकीत घेऊ नयेत. बाटलीचा हिरवा, राख आणि मळकट मोतिया हे तीन पुरतात. पोपटी घेतला तर फुलं प्लास्टिकची दिसतात. शीट फुलाच्या मागे किमान हातभर लांब धरावं, नाहीतर फुलाची सावली त्यावर पडते आणि कागदाचे तंतूही दिसतात.

बाहेर फोटो काढताना फसवतो तो व्ह्यूफाइंडर. डीएसएलआरमधून बघताना लेन्स एफ/२.८ वर उघडी असते, म्हणून मागचं सगळं लोण्यासारखं. फोटो एफ/११ ला निघतो आणि त्यात केबलवाल्याची वायर, वाळत टाकलेला टॉवेल आणि मागच्या देठाचा दांडा हजर. डेप्थ प्रीव्ह्यूचं बटण त्याचसाठी असतं; ते दाबलं की छिद्र फोटोइतकं बारीक होऊन मागचं खरं दिसतं. पानांमधल्या आभाळाच्या भोकांचंही तसंच: एफ/२.८ ला गोल ठिपके, एफ/११ ला छिद्र घडवणाऱ्या डायफ्रामच्या पात्यांइतक्या कोनांचे टोकदार तुकडे. इतक्या जवळून कॅमेरा चार-पाच सेंटिमीटर सरकवला तरी मागचं सगळं बदलतं, त्यामुळे आधी सरकावं. मागची फांदी मोडणारे लोक मला बघवत नाहीत. सुतळीनं बाजूला बांधली तरी चालते.

मोबाइलवर मॅक्रो बहुधा रुंद कोनाच्या वाइड लेन्समधून होतो, म्हणून समोरची अख्खी इमारत फोटोत येते. तिथे दूरचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लावून मागे सरकणं बरं.

रस्त्याकडेच्या कुंपणावर पांढरी सदाफुली असेल तर बेस्टची बस चांगला लाल देते. १/२५० ला फुलाची हालचाल थांबते, बस पुसली जाते. सिग्नल लागला की मात्र बस तिथेच उभी राहते आणि फुलामागे साबणाची जाहिरात येते. तिच्यातही थोडा पिवळा असतोच. नाहीतर काळी-पिवळी येईपर्यंत थांबायचं.