"त्या वस्तीत आपली माणसं किती?" हे मी का सांगत नाही

"ताई, तिकडे देसी क्राउड आहे ना?" न्यू जर्सीत घर शोधणारं जवळजवळ प्रत्येक मराठी जोडपं मला हे विचारतं. कधी प्रश्न वळसा घेऊन येतो: शेजारी कोण आहेत, शाळेत कोणाची मुलं असतात, वस्ती "चांगली" आहे ना? मी इथे रिअल इस्टेट एजंट आहे. छत किती जुनं, बेसमेंटमध्ये पाणी येतं का, प्रॉपर्टी टॅक्स किती, ट्रेन स्टेशन किती लांब, सगळं सांगते. या एका प्रश्नावर मात्र मी उत्तर देत नाही. काहींना ते तुटक वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

गिऱ्हाइकाचा वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून त्याला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून लांब ठेवणं, याला आमच्या व्यवसायात स्टीअरिंग म्हणतात. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टनुसार ते बेकायदा आहे. गिऱ्हाइकाने स्वतःहून विचारलं तरी वस्तीची जातकुळी सांगणं हे माझं काम नाही. कुठलं घर आधी दाखवलं, कुठल्या गावाचं नाव घेताना आवाज जरा उतरला, एवढ्यावरही माणूस कुठे राहणार हे ठरून जातं. म्हणून मी सांगते: शाळांची आकडेवारी राज्याचं शिक्षण खातं प्रसिद्ध करतं, ती वाचा. गुन्ह्यांबद्दल गावच्या पोलिसांना विचारा. संध्याकाळी त्या गल्लीतून पायी फेरी मारा. मग तुम्ही ठरवा.

माझ्या पेशाचा इतिहास माहीत झाल्यापासून तर मी याबाबत फारच कडक झाले आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेत कलमच घातलं होतं: ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या किमती उतरतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या लोकांना तिथे आणण्यास एजंटाने कारणीभूत होऊ नये. म्हणजे भेदभाव करणं हीच सचोटी! पुढे १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लाल रंग देऊन "धोकादायक" ठरवलं. तिथे कर्ज मिळेना. घर नाही, म्हणून पुढच्या पिढीला द्यायला काही नाही. खरेदीखतांमध्ये तर "हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये" अशा अटी सर्रास असत. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करता कामा नये. जुनी कागदपत्रं चाळताना त्या ओळी आजही समोर येतात, आणि वाचताना अंगावर काटा येतो.

फेअर हाउसिंगचं विधेयक अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, वारंवार अडकत होतं. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. एजंटांच्या संघटनेने या कायद्याला विरोध केला होता. तिने जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये.

"पण हा तर काळ्या-गोऱ्यांचा वाद, आपला काय संबंध?" असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी भारतातून आलेल्या वैष्णोदास बगाई यांच्याबद्दल सांगते. ते पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले. बर्कलीत त्यांनी घर घेतलं. सामान घेऊन तिथे पोचले, तर शेजाऱ्यांनी त्यांना घरात शिरू नये म्हणून दाराला कुलूप लावून ठेवलं होतं. कुटुंब परत फिरलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यानुसार "गोरा" नाही असा निकाल दिला आणि बगाईंचं मिळालेलं नागरिकत्वही गेलं. परदेशी म्हणून मालमत्ता बाळगण्याचा हक्क गेला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आज बर्कलीत एका रस्त्याला कला बगाई यांचं नाव आहे. आपण आज प्री-अप्रूव्हलचं, म्हणजे बँकेच्या कर्जाच्या पूर्वमंजुरीचं, पत्र घेऊन ओपन हाउसला ताठ मानेने जातो, त्यामागे ही माणसं आहेत.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. २०१९ मध्ये न्यूजडे या वर्तमानपत्राने लाँग आयलंडवरच्या एजंटांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. सारखीच ऐपत असलेले, पण वेगवेगळ्या वंशाचे दोन ग्राहक एकाच एजंटाकडे पाठवायचे आणि वागणूक ताडून बघायची. कृष्णवर्णीय ग्राहकांना ४९ टक्के, हिस्पॅनिकांना ३९ टक्के आणि आशियाईंना १९ टक्के वेळा गोऱ्यांपेक्षा वेगळी वागणूक मिळाली होती. त्या १९ टक्क्यांत आपणही येतो.

पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. आपण आता नुसते भाडेकरू राहिलेलो नाही, घरमालकही झालो आहोत. मध्यंतरी एक मराठी काका त्यांचा दुसरा काँडो भाड्याने द्यायला आले. अटी अशा: आपलीच फॅमिली हवी, लहान मुलं नकोत आणि सरकारी मदतीवर भाडं भरणारे तर नकोतच. न्यू जर्सीत घर लिस्ट करणाऱ्या मालकाला भेदभावविरोधी कायद्याबद्दलचं ॲटर्नी जनरलचं निवेदन आम्हाला द्यावं लागतं. ते त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्यासोबत बसून समजावलं. मुलं असलेल्या कुटुंबांना आणि अपंगांना १९८८ पासून संघराज्याच्या कायद्याचंच संरक्षण आहे. ठरावीक अटी पाळणाऱ्या ५५ वर्षांवरच्यांच्या वसाहतींना मुलं नाकारता येतात, पण काकांचा काँडो तसल्या वसाहतीत नव्हता. सेक्शन एटचं व्हाउचर, म्हणजे भाड्यासाठीची सरकारी मदत, आहे म्हणून नाकारणं या राज्यात बेकायदा आहे. "आपलीच" फॅमिली म्हणजे मूळ देशावरून भेदभाव. काका म्हणाले, "अगं, पण घर माझं आहे ना?" घर त्यांचंच आहे. पण बर्कलीतले शेजारीही, वस्ती आमची आहे, असंच म्हणत होते. मी ते लिस्टिंग घेतलं नाही.

याहून अवघड आहे आडनावाचा प्रश्न. फोनवर सगळं ठरतं आणि मग "मूळचे कुठले? आडनाव काय?" अशी चौकशी सुरू होते. त्यानंतर खोली अचानक "गेलेली" असते. हे मला आपल्याच तरुण इंजिनिअरांनी सांगितलं आहे, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलतो. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकून परतले आणि १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांना बाहेर काढलं. ते विद्यापीठ माझ्या घरापासून नदीपलीकडे आहे. तिथून इतक्या जवळ राहून आपण तोच प्रश्न विचारावा, हे मला सहन होत नाही. सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली, त्यात घरंही आली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातलं तसं विधेयक मात्र गव्हर्नरांनी सही न करता परत पाठवलं. न्यू जर्सीतही जातीचा स्पष्ट उल्लेख कायद्यात यावा, असं माझं ठाम मत आहे.

जाता जाता विक्रेत्याला पत्र लिहिण्याबद्दल. दिवाळीचा फॅमिली फोटो जोडून "आम्हाला तुमचं घर फार आवडलं" असं लिहायचा मोह होतो. नका लिहू. त्या फोटोतून धर्म, वंश, मुलं सगळं कळतं, आणि विक्रेता त्यावरून निवड करू लागला तर तो भेदभावच. आज तो तुमच्या बाजूने झाला, तर कुणाच्या तरी विरुद्ध झालेलाच असतो.

तुमच्याशीच असं काही घडलं, तर मेसेज आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. कोण, केव्हा, काय म्हणालं ते त्याच दिवशी लिहून काढा. हड या संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. थेट कोर्टात जायला दोन वर्षांची मुदत आहे. न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे मात्र १८० दिवसांतच जावं लागतं, त्यामुळे "बघू पुढे" म्हणत बसू नका. तक्रार केली म्हणून मालकाने त्रास देणं हेही वेगळं बेकायदा कृत्य ठरतं. आणि एच-वनवर आहोत, ग्रीन कार्ड अडकलंय, म्हणून गप्प बसू नका. या कायद्याचं संरक्षण मिळायला नागरिक असावं लागत नाही.