नऊ-शून्यचं टेन्शन

अमेरिकन फुटबॉलचा सीझन सुरू झाला की आमच्या ऑफिसात शुक्रवारी लाल घालून यायचं, हा अलिखित नियम. लाल म्हणजे आमचा संघ, कॅन्सस सिटी चीफ्स. (गावाचं नाव कॅन्सस सिटी, स्टेडियम मिझुरी राज्यात आणि मी राहते सीमेच्या अलीकडे, कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कमध्ये. आईला हे सहा वर्षांत पटलेलं नाही.) २०२४च्या नोव्हेंबरात सीझन निम्मा झाला तेव्हा चीफ्स ९-० होते. ३२ संघांत एकही मॅच न हरलेले तेवढेच. मला वाटलं, ऑफिसात पेढे वाटायचं वातावरण असेल. प्रत्यक्षात सगळ्यांचे चेहरे दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी असतात तसे.

कारण ते जिंकत होते कसे, तर पडता पडता. पहिल्याच मॅचमध्ये शेवटच्या क्षणी बाल्टिमोरच्या खेळाडूने टचडाउनचा (म्हणजे इथल्या गोलचा) बॉल पकडला, पण त्याच्या बुटाचं टोक हद्दीच्या रेषेवर पडलं म्हणून आम्ही वाचलो. सिनसिनाटीला हरवलं ते एका पॉइंटने. टँपा बेची मॅच ओव्हरटाइममध्ये गेली. आणि १० नोव्हेंबरला डेन्व्हर! आम्ही १६-१४ने पुढे, घड्याळ संपत आलेलं आणि त्यांना ३५ यार्डांवरून एक किक मारायची होती. बसली की तीन पॉइंट, खेळ खलास. एवढ्या अंतरावरून इथले किकर सहसा चुकत नाहीत. पण आमच्या लिओ शेनलने भिंत फोडून मधेच हात घातला आणि बॉल अडला. नवरा चहा ठेवायला उठत होता, त्याला मी त्याआधीच ओरडून खाली बसवलं होतं. जागा सोडली की विकेट पडते, हे लहानपणापासूनचं शिक्षण सातासमुद्रापारही उपयोगी पडतं. माझी जागा सोफ्याचा डावा कोपरा. हसू नका, आमच्या टीममधल्या एका माणसाने सप्टेंबरपासून जर्सी धुतली नव्हती.

मुळात इथे सगळंच्या सगळं जिंकणं होऊच नये, अशीच व्यवस्था आहे. सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडताना पहिला नंबर. पगाराची मर्यादा सगळ्यांना सारखी, २०२४ला प्रत्येक संघासाठी २५ कोटी ५४ लाख डॉलर. त्यामुळे पैसेवाल्याने सगळे हिरे विकत घेतले, असं जमत नाही. सुपर बोलसकट (म्हणजे सीझनच्या फायनलसकट) सगळ्या मॅच जिंकलेला संघ आजवर एकच, १९७२चा मायामी डॉल्फिन्स, १७ पैकी १७. त्यातले म्हातारे खेळाडू दर सीझनला शेवटचा अपराजित संघ हरला की शॅम्पेन उघडतात, ही गोष्ट इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. १९८५मध्ये शिकागो बेअर्स १२-० असताना त्यांना हरवलं ते मायामीनेच. २००७चे पेट्रियट्स तर १८ मॅच जिंकून सुपर बोलला गेले आणि न्यूयॉर्क जायंट्सकडून १७-१४ने हरले.

हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात कुठे कळ आली ते तुम्हाला सांगायला नको. सलग दहा मॅच जिंकून १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादला काय झालं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. ऑफिसात मी म्हटलं, हरायचंच असेल तर आत्ता हरलेलं बरं. दोघांनी मान डोलावली, तिसऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मांजरासारखी आडवी गेले असावे.

१७ नोव्हेंबरला बफेलोत मॅच. शेवटची काही मिनिटं, बफेलो २३-२१ने पुढे, त्यांचा चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न आणि बॉल हातात राहायला दोन यार्ड हवेत. किक मारून तीन पॉइंट घेता आले असते. पण त्यांचा क्वार्टरबॅक (एरवी बॉल फेकून देणारा) जॉश अ‍ॅलन स्वतःच बॉल घेऊन सुटला, २६ यार्ड, थेट टचडाउन. ३०-२१. मायामीत कुणीतरी बूच काढलं असेल.

थोड्याच वेळात आईचा फोन. तिकडे सोमवारची सकाळ.
"काय गं, हरले का तुझे लालवाले?"
"हरले."
"बरं झालं. किती दिवस सगळे आकडे मोजत बसलेले. दृष्ट लागणारच."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चक्क गप्पा चालल्या होत्या, हसणं चाललं होतं. जर्सीवाल्याने जर्सी धुतली, हे त्याने न विचारताच जाहीर केलं.

मग चीफ्स १५-२ करून सुपर बोलला गेले. ९ फेब्रुवारी, न्यू ऑर्लिन्स. सलग तिसरं विजेतेपद मिळणार म्हणून बार्बेक्यूच्या दुकानांपुढे रांगा. फिलाडेल्फियाने ४०-२२ने झोडपलं. आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत डाव्याच कोपऱ्यात बसले होते.