आमची वाटचाल : झाळकामापासून पंख्याच्या निवडीपर्यंत

इंदूरच्या छावणी भागात वडिलांनी सुरू केलेल्या दुकानात तांब्या-पितळेचे रेडिएटर उतरवून साफ करण्याचे आणि झाळण्याचेच काम होते. प्लास्टिकच्या टाक्यांचे ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले, झाळकाम आटले, आणि गळती बुजवण्याऐवजी गाडी मुळात गरम का होते हे शोधणे हाच आमचा व्यवसाय झाला.

त्यानंतर वेगाची आवड असलेले तरुण येऊ लागले. बहुतेकांची मागणी एकच असे : ‘काका, क्लच फॅन काढा, इलेक्ट्रिक लावा, पिकअप वाढेल.’ क्लच फॅन म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर, तेलाच्या क्लचमधून फिरणारा रेडिएटरचा पंखा; इलेक्ट्रिक म्हणजे स्वतंत्र मोटरवर चालणारा. आम्हीही तो बदल करून देत होतो, कारण त्या म्हणण्यात तथ्य आहेच. पंख्याच्या फेऱ्या दुप्पट झाल्या की त्याला लागणारी शक्ती आठपट होते, आणि बेल्टवर फिरणारा पंखा नेमका आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हाच ती इंजिनाकडून घेतो. रेडिएटरमधून येणारी हवा थंड असली तर क्लचमधले, पंख्याला फिरवणारे सिलिकॉन तेल मागे राहते आणि पंखा सैल फिरतो. तरीही भार पूर्णपणे जात नाही.

आमचे डोळे उघडले ते रॅलीसाठी तयार केलेल्या एका जिप्सीमुळे. तिला आम्ही रेडिएटरच्या निम्म्या भागापुरता पंखा, श्राउडशिवाय (म्हणजे हवा पंख्याकडे वळवणाऱ्या आवरणाशिवाय), प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून दिला होता. शहरात तक्रार नव्हती. मे महिन्यात, ४३ अंशांच्या उन्हात, भेरूघाटात ती ट्रकांच्या रांगेमागे पहिल्या गिअरमध्ये चढत राहिली आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधले पॅकिंग, गेले. पुढून वारा नव्हता. अशा वेळी इंजिनाच्या फेऱ्या जास्त असल्याने क्लच फॅनने भरपूर हवा ओढली असती. आमचा पंखा मात्र एकाच गतीने, तेही अर्ध्याच जाळीतून, हवा ओढत होता. शिवाय आम्ही बारीक तार वापरल्यामुळे मोटरपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोचत नव्हते. चूक सर्वस्वी आमची होती. दुरुस्तीचा सारा खर्च आम्ही केला.

तेव्हापासून गाडी सर्वांत जास्त वेळ कुठे चालते, हा पहिला प्रश्न असतो. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रातल्या ११.३ किलोमीटरच्या वेगमार्गावर धावणाऱ्या गाडीला पंख्याची गरज जवळजवळ नसते, म्हणून तिथे इलेक्ट्रिकच योग्य. घाटात ओझे वाहणाऱ्या गाडीला आम्ही क्लच फॅनच ठेवायला सांगतो. अनेकदा तर क्लचच्या पुढच्या बाजूला तेलकट धूळ दिसते. तो गळून निकामी झालेला असतो आणि नवा बसवला की गाडीची तक्रार संपते.

इलेक्ट्रिक ठरलाच, तर पूर्ण जाळी झाकणारा श्राउड, स्वतंत्र रिले (जास्त प्रवाह झेलणारा विद्युत स्विच) आणि फ्यूज आम्ही घालतोच. २५ ॲम्पिअरच्या पंख्याला सुमारे ३४० वॅट लागतात आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट प्रवाह तो ओढतो. म्हणून हेडलाइट लावून, एसी चालू ठेवून, इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर (गाडीतला वीज तयार करणारा भाग) मोजल्याशिवाय आम्ही गाडी देत नाही. यात एक दिवस जातो आणि काही ग्राहक दुसरीकडे जातात, ते आम्हाला मान्य आहे.

काढलेला क्लच फॅन आम्ही गाडीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून, तेल गळू नये म्हणून उभाच, एक उन्हाळा उलटेपर्यंत दुकानात सांभाळतो.