अलास्काच्या जहाजावरची टिप : माझा अनुभव

अलास्काच्या समुद्रसफरीचे आरक्षण करताना भाडे, कर आणि बंदर-शुल्क यांच्या रकमा समजायला वेळ लागत नाही. खरी अडचण त्यानंतरच्या ओळीपाशी येते. प्रत्येक प्रवाशामागची दररोजची टिप आत्ताच भरायची, की जहाजावर गेल्यानंतर तेथल्या आपल्या खर्चाच्या खात्यात रोज चढू द्यायची, असा प्रश्न तेथे विचारलेला असतो. मुलगी आणि जावई सिॲटलजवळ राहत असल्यामुळे आम्ही उभयतांनी त्यांच्याबरोबर तेथूनच जहाज धरायचे ठरवले होते. माझी सारी नोकरी बँकेत झाली असल्याने खात्यावरची प्रत्येक नोंद कशाची, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ही नोंद तर काही लहान नव्हती.

अमेरिकेतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवर साध्या केबिनसाठी ही रक्कम माणशी दररोज साधारण 16 ते 20 डॉलर असते, आणि सुइट, म्हणजे मोठी आलिशान केबिन, घेणाऱ्यांना त्याहून काही डॉलर अधिक पडतात. 18 डॉलर धरले तरी दोन माणसांचे सात रात्रींचे 252 डॉलर होतात. मुलांनाही बहुधा सवलत नसते. अगदी तान्ह्या बाळाला काही कंपन्या वगळतात, एवढेच. आपल्याकडे हॉटेलात जेवण झाल्यावर बडीशेपेच्या बशीत नोट ठेवून उठणाऱ्या माणसाला, अजून चेहराही न पाहिलेल्या वेटरसाठी घरबसल्या वीस हजार रुपयांहून अधिक रक्कम भरणे जड जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

पूर्वी ही पद्धत निराळी होती. सफरीच्या शेवटच्या रात्री केबिनची व्यवस्था ठेवणारा स्टुअर्ड, वेटर, त्याचा मदतनीस आणि हेडवेटर अशा प्रत्येकाला प्रवासी स्वतंत्र पाकीट देत असत. जहाजे मोठी झाली, ठरलेल्या टेबलावर ठरलेल्या वेटरच्या हातून रोज जेवण्याची पद्धत सैल झाली, शेवटच्या रात्री जेवायलाच न फिरकणारे प्रवासीही वाढले, आणि कंपन्यांनी ती रक्कम खात्यातच चढवायला सुरुवात केली. ती एकाच माणसाच्या हातात पडत नाही. तिचा काही भाग केबिनची व्यवस्था ठेवणाऱ्यांना, काही भोजनगृहातल्या चमूला आणि काही पडद्यामागे काम करणाऱ्यांना जातो.

ही रक्कम वेतनात धरून मुळातच भाड्यात का घातली जात नाही, या माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर जहाजाच्या नोंदणीत सापडले. अमेरिकेच्या बंदरांतून फिरणारी बहुतेक प्रवासी जहाजे बहामा, पनामा किंवा बर्म्युडा अशा देशांच्या ध्वजाखाली नोंदलेली असतात; हवाई बेटांमध्ये फिरणारे ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हा अमेरिकन ध्वजाखालचा ठळक अपवाद. आमचे जहाज बहामाचे होते. 1886 च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरांपुरतीच प्रवासी वाहतूक करता येत नाही, म्हणूनच सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारे जहाज वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागते. त्याच नोंदणीमुळे अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा त्यावरच्या वेटरला किंवा स्टुअर्डला लागू होत नाही. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने कामाच्या तासांना मर्यादा घातली आहे खरी, पण तीही दिवसाला 14 आणि आठवड्याला 72 तास इतकी सैल आहे. सहा ते नऊ महिन्यांचा करार, त्यात आठवड्याची सुट्टी जवळजवळ नाहीच, आणि मिळकतीचा मोठा हिस्सा या टिपेतून आलेला, अशी ही एकंदर व्यवस्था आहे.

एवढे कळल्यावर मी आमच्या दोघांची रक्कम आगाऊ भरून टाकली. आगाऊ भरलेल्या रकमेला मागाहून झालेली दरवाढ सामान्यतः लागत नाही, आणि शेवटच्या दिवशीच्या बिलाचा धक्काही कमी बसतो. मात्र भारतातल्या कार्डावर डॉलरचा व्यवहार केला, तर बँक बहुधा 2 ते 3.5 टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लावते, हे लक्षात घेऊन मी ते पैसे मुलीच्या अमेरिकन कार्डावरून भरायला लावले. जावयांना माझे म्हणणे पटले नाही. “बाबा, सेवा पाहायच्या आधीच टिप कशी द्यायची? जहाजावर काउंटरला जाऊन ती कमी करता येते,” असे म्हणून त्यांनी आपल्या केबिनची रक्कम रोज खात्यात चढू देणे पसंत केले. त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते. बऱ्याच कंपन्यांत सफर संपण्यापूर्वी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर सांगितले, की ही रक्कम कमी करता येते, वाढवता येते किंवा काढूनही टाकता येते.

जहाजावरची सर्वांत फसवी गोष्ट मला वाटली ती पेयांची पावती. पाच डॉलरची कॉफी घेतली की पावतीवर पाच डॉलर, त्याखाली 18 टक्के सेवाशुल्काचे 90 सेंट, मग एकूण रक्कम, आणि त्याच्याही खाली ‘अतिरिक्त टिप’ असे लिहिलेली एक मोकळी ओळ येते. काही जहाजांवर हे शुल्क 20 टक्के असते. सही करायला पेन हातात घेतले, की ती मोकळी ओळ भरायचीच आहे असे वाटते. जावई दर कॉफीमागे तेथे दोन डॉलर लिहीत होते; मुलीने त्यांना 90 सेंटांची ओळ दाखवली तेव्हा कुठे हे थांबले. बार, स्पा आणि पैसे आकारणारी खास रेस्टॉरंट्स यांच्या बिलांत टिप बहुधा आधीच धरलेली असते, त्यामुळे तेथे ती ओळ कोरी सोडण्यात काहीही कमीपणा नाही. केबिनमध्ये मागवलेल्या नाश्त्याचे मात्र तसे नसते. ट्रे घेऊन येणाऱ्याच्या हातावर दोन-तीन डॉलर ठेवण्याची रीत आहे.

भोजनगृहात आमचा हेडवेटर मालवणचा निघाला. पहिल्या रात्री तो आम्हांला ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणत होता. माझ्या पत्नीने मराठीत काही विचारताच ‘काका-काकू’वर आला. अशा जहाजांवर हिंदुस्थानी कर्मचारी, त्यातही गोवा आणि कोकणातले, पुष्कळ भेटतात. मेनूमध्ये नसलेली डाळ, एखादी भाजी आणि भात आदल्या रात्री सांगून ठेवले तर ते करूनही देतात. ही सोय बिलात कुठेच दिसत नाही. आमच्या केबिनचा स्टुअर्ड इंडोनेशियाचा होता. पत्नीच्या इन्सुलिनसाठी जागा हवी आहे असे कळताच त्याने फ्रीजमधल्या विक्रीच्या बाटल्या काढून नेल्या आणि आतला वरचा कप्पा पुसून मोकळा करून ठेवला. पुन्हा त्याला आठवण करून द्यावी लागली नाही.

एका संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी मालवणच्या त्या गृहस्थाला सरळच विचारले, की दररोजची टिप ठेवावी, की ती काढून तेवढेच पैसे तुम्हा दोघा-चौघांच्या हातात रोख द्यावेत. पगाराच्या आकड्यांविषयी तो काही बोलला नाही, आणि मीही खोदून विचारले नाही. पण या प्रश्नाला मात्र त्याने आडपडदा न ठेवता उत्तर दिले. “काका, रोजचे पैसे तेवढे ठेवा, पाकीट नाही दिलंत तरी चालेल. पाकीट माझ्या हातात येतं, कारण मी तुमच्यासमोर उभा असतो. खाली लॉण्ड्रीत चादरी धुणाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्याला कोण पाकीट देणार?” काही कंपन्यांमध्ये तर प्रवाशाने दैनिक टिप काढून टाकली असेल, तर त्याने हातात दिलेली रोख रक्कमही कर्मचाऱ्याला सामाईक निधीत जमा करावी लागते, असा नियम असतो.

माझे मत विचाराल तर ही पद्धत मला आजही रास्त वाटत नाही. कामगाराचे वेतन मालकाने द्यावे आणि त्याचा खर्च भाड्यात दाखवावा. जाहिरातीत भाडे कमी दिसावे म्हणून त्याचा एक तुकडा बाजूला काढून त्याला प्रवाशाच्या खुशीचे नाव देऊ नये. हे अशक्य आहे असेही नाही. ब्रिटनमधल्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये वेगळी टिप घेणे बंद केले, आणि महागड्या जहाजांच्या अनेक कंपन्या ती भाड्यातच धरतात. परंतु कंपनीवरचा राग म्हणून काउंटरवर जाऊन ती रक्कम काढून टाकल्याने कंपनीला फारसा फरक पडत नाही. कात्री लागते ती लॉण्ड्रीतल्या माणसाच्या वाट्याला. हेडवेटरचे उत्तर ऐकल्यावर जावयांनीही आपल्या केबिनच्या रकमेला हात लावला नाही.

किनाऱ्यावरचा हिशोब जहाजाच्या टिपेत येत नाही, तो वेगळा ठेवावा लागतो. अलास्कातल्या जुनो बंदरात देवमासे दाखवणाऱ्या बोटीवर उतरण्याच्या जागी टिपेसाठी बरणी ठेवलेली होती आणि तिथल्याच स्कॅगवे बंदरातल्या सहलीच्या बसचालकाने, जो वाटभर माहितीही सांगत होता, उतरताना टोपी पुढे केली. अर्ध्या दिवसाच्या सहलीला माणशी पाच ते दहा डॉलर देणे तेथे शोभून दिसते. यासाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा जवळ हव्यात. आपल्याकडचे चलन विक्रेते बहुधा पन्नास आणि शंभरच्याच नोटा देतात, त्यामुळे मोड अमेरिकेत उतरल्यावर करून घ्यावी. जहाजाच्या काउंटरवरही ती मिळते, पण शेवटच्या दिवशी तेथे रांग लागते.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही पाकिटे तयार केली. दैनिक टिप भरलेली असताना वर काही देणे बंधनकारक नसते, आणि कॅप्टन किंवा अधिकाऱ्यांना तर टिप देतच नाहीत. ज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त केले त्यांना सफरीअखेर 20 ते 40 डॉलर देण्याची पद्धत आहे. मी वीसवीसच्या नोटा घातल्या होत्या, पण लग्नाच्या आहेरासारखा वर एक हवाच असा पत्नीने आग्रह धरला आणि प्रत्येक पाकिटात एकेक डॉलर वाढला. मालवणच्या माणसाने पाकीट बोटांनी चाचपून, “एकवीस ना, काकू?” असे विचारले. स्टुअर्डच्या पाकिटात मी इन्सुलिनच्या कप्प्याचा उल्लेख करून दोन ओळी लिहिल्या, आणि दोघांचीही नावे कंपनीच्या अभिप्रायाच्या अर्जात भरली. बढतीच्या वेळी अशा नोंदींचा उपयोग होतो, असे आम्हांला जहाजावरच सांगण्यात आले.

रात्री झोपण्यापूर्वी खात्याचा उतारा तपासून घ्यावा. जावयांच्या उताऱ्यात न घेतलेल्या एका पेयाची नोंद, त्यावरच्या 18 टक्क्यांसकट, आढळली आणि काउंटरवर ती दोन मिनिटांत रद्द झाली. सकाळी जहाज सिॲटलच्या ‘पियर 91’ या धक्क्याला लागल्यावर काउंटरवर बोलायला फारसा वेळ उरत नाही, आणि एकदा उतरल्यानंतर दैनिक टिपेची रक्कम बहुतेक कंपन्या बदलून देत नाहीत. धक्क्यावरचे हमाल जहाजाचे नोकर नसतात. त्यांना दर बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यावे लागतात, म्हणून शेवटच्या सुट्या नोटा तेवढ्यासाठी राखून ठेवाव्यात.