मर्क्युरी डाइमचा संच आणि एका नाण्याची रखडपट्टी

मर्क्युरी डाइमचा संच पुरा करायला घेतला असेल तर एक आधीच सांगून टाकते. १९१६ डी (डी म्हणजे डेन्व्हर टांकसाळीची खूण) हे नाणं स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या लेबलसकट सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत, बंद झालेलंच विकत घ्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ देत. मी सुटं घेतलं आणि ग्रेडिंगला, म्हणजे अस्सल आहे का आणि किती झिजलंय हे ठरवायला, पाठवलं. त्या प्रकरणात जो जीव टांगणीला लागला, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

संचाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत १९१६ ते १९४५ या काळात पाडलेला हा दहा सेंटचा डाइम. ९० टक्के चांदी, वजन २.५ ग्रॅम. अडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराने पंखवाल्या टोपीतली स्वातंत्र्यदेवता काढली, लोकांना तो रोमन देव मर्क्युरी वाटला आणि तेच नाव चिकटलं. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन टांकसाळी, मधली १९२२, १९३२ आणि १९३३ ही वर्षं कोरडी, असं सगळं धरून ७७ नाणी होतात. १९३० आणि १९४० च्या दशकांतली बहुतेक नाणी झिजलेल्या अवस्थेत चांदीच्या भावाच्या आसपास मिळतात. इथे ओहायोत शनिवार-रविवारी कुठल्यातरी हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन असतंच. तिथे टेबलाखालच्या डब्यांत हात घालायचा, निवडायचं, घासाघीस करायची. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माझी साठ-पासष्ट नाणी अशीच हसतखेळत जमली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अडतं ते १९१६ डीपाशी. डेन्व्हरने त्या वर्षी फक्त २,६४,००० डाइम पाडले. फिलाडेल्फियाने त्याच वर्षी सव्वादोन कोटींच्या आसपास. म्हणजे फिलाडेल्फियाचं स्वस्त नाणं घ्यायचं, मागच्या बाजूला चिमुकला डी चिकटवायचा आणि शेकडो डॉलर कमवायचे, हा धंदा फार जुना आहे. खऱ्या नाण्यांसाठी मागच्या बाजूचे चारच ठसे वापरले गेले, त्यामुळे डी ठरावीक जागीच बसलेला असतो. त्या जागांचे फोटो समोर ठेवून भिंगातून बघितलं तर बरंच कळतं. मला कळलं होतं. डी खराच होता, असं माझं ठाम मत होतं. पण माझ्या मताला बाजारात किंमत नाही. तिथे ग्रेडिंग कंपनीचं लेबल लागतं.

विकणारे आजोबा सज्जन होते. "महिन्याभरात कंपनीने खोटं ठरवलं तर पैसे परत," असं त्यांनी पावतीवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं. अशी पावती घेतल्याशिवाय सुटं नाणं घ्यायचं नाही, हेही लक्षात ठेवा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सभासद व्हायचं, फॉर्म भरायचा, नाण्याची किंमत आपण जाहीर करायची आणि त्या किंमतीवर फीचा वर्ग ठरतो. नाणं मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या नव्हे, दुसऱ्या पाकिटात घालायचं. स्टेपल अजिबात मारायची नाही, काढताना ओरखडा उठतो. पोस्टाने रजिस्टर्ड पाठवायचं असेल तर सगळ्या कडांना कागदी चिकटपट्टी लावा. तिथला माणूस जोडांवर शिक्के मारतो आणि प्लॅस्टिकवर शाई धरत नाही म्हणून तसं पार्सल घेतच नाही.

पार्सल पोचलं. पोस्टाच्या नोंदीत सहीसकट दिसत होतं. कंपनीच्या खात्यात मात्र माझ्या नावापुढे काहीच नाही. एक आठवडा झाला, दुसरा झाला, काही नाही. फोन लावला तर आधी बराच वेळ सतारीसारखं काहीतरी वाजत राहिलं आणि मग एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "मॅम, पार्सल आलंय म्हणजे नोंद झाली असं नाही." मग कधी होणार? "रांगेप्रमाणे." आणि फॉर्मवर लिहिलेले कामाचे दिवस? ते म्हणे नोंद झाल्यापासून मोजायचे! म्हणजे घड्याळ त्यांचं, किल्ली त्यांच्याकडे आणि ती ते फिरवतील तेव्हा आपला पहिला दिवस. फी मात्र कार्डावरून कधी कापायची, याबद्दल त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता.

इकडे आजोबांचा महिना संपत आलेला. रात्री जेवताना मी पुन्हा खातं उघडून बसले, तर नवरा म्हणाला, "अगं, दहा सेंटचं नाणं आहे ते!" मी म्हटलं, "तू जेव." दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून नोंद झाली का ते पाहिलं, बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पाहिलं. शेवटी आजोबांना फोन केला. ते हसले. "त्या लोकांचं नेहमीचंच आहे, तुमचा निकाल लागेपर्यंत माझा शब्द कायम," म्हणाले. मी म्हटलं, तसं ईमेलवर लिहून पाठवाल का? विश्वास नव्हता असं नाही, पण लेखी ते लेखी. त्यांनी पाठवलं. आपणही मागताना लाजू नये.

एकदाची नोंद झाली आणि मग प्रत्येक पायरीला नवीन थांबा. ग्रेडिंग. त्यानंतर स्लॅबमध्ये भरणं. त्यानंतर तपासणी, आणि तिथे ते असं रुतून बसलं की मला वाटलं नाणं पाहून संपलं असेल, आता माझी तपासणी चाललीय. प्रत्येक फोनला नवीन माणूस आणि प्रत्येकाला सुरुवातीपासून सगळं सांगायचं. फोन करून काही लवकर होत नाही हे मला माहीत होतं, तरी मी करत राहिले. निदान त्यांनाही माझा आवाज ऐकावा लागला.

निकाल लागला: अस्सल, श्रेणी एजी ३, म्हणजे फार झिजलेलं, जी ४ च्या एक पायरी खाली.

अस्सल ठरलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले. पण एजी ३? जी ४ ला कडा पूर्ण दिसावी लागते आणि माझ्या मते ती दिसते, खालच्या बाजूला किंचित झिजलीय एवढंच. पुन्हा पाठवून दाद मागता येते, वेगळी फी भरून. त्याच रांगेत पुन्हा उभं राहायला मी काही वेडी नाही.

एक राहिलंच. १९२१ ची दोन्ही (फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरची) आणि १९२६ एस (सॅन फ्रान्सिस्कोचं) हीसुद्धा महागडी मंडळी आहेत. ती सगळ्यात शेवटी ठेवू नका, नाहीतर एकाच वर्षात पाकीट रिकामं होतं. मी ती दरवर्षी एक अशी घेतली.

स्लॅब अल्बमच्या भोकात मावत नाही, त्यामुळे ७६ नाणी अल्बममध्ये आणि हे एक कपाटात. स्लॅब फोडून नाणं जागेवर बसव, असं नवरा सुचवतो. एवढ्या फोनांनंतर मिळालेलं लेबल मी फोडणार? आणि १९४२ मधल्या २ च्या खाली १ दिसणारी ती दोन चुकीची नाणी नाहीत म्हणून संच अपुरा आहे, असं प्रदर्शनात एकाने मला ऐकवलं. ती टांकसाळीची चूक होती, माझ्या संचात तिला जागा नाही. ज्यांना हवीत त्यांनी खुशाल घ्यावीत, स्लॅबमधली.