जुन्या पिकअपचे इंजिन खोलण्यापूर्वी

जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनातून अनोळखी आवाज येऊ लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि ते साहजिकही आहे. आमच्या निफाड-लासलगाव पट्ट्यात ऐन कांद्याच्या हंगामात अशी गाडी उभी राहिली तर घरचा माल दुसऱ्याच्या गाडीत भाडे देऊन भरावा लागतो. शिवाय इंजिनाचे पूर्ण काम निघाले तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. म्हणूनच बॉनेट उघडून दोन मिनिटे ऐकल्याबरोबर ‘बेअरिंग गेले, इंजिन खोलावे लागेल’ असा निकाल कोणी दिला तर तो तेवढ्यावर मान्य करू नये, असे माझे ठाम मत आहे. आवाज केव्हा येतो, कोणत्या लयीत येतो आणि नेमका कोठून येतो, हे एकही मोठा भाग न उघडता आणि फारसा खर्च न करता बऱ्याच अंशी ठरवता येते.

डिझेल इंजिन मुळातच आवाज करणारे असते, हे प्रथम लक्षात घ्यावे. त्यात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेल फवारले जाते आणि ते आपोआप पेट घेते. फवारणी आणि पेट यांच्यामध्ये अगदी अल्प विलंब असतो, आणि त्या विलंबात साचलेले डिझेल एकदम भडकले की ठोका ऐकू येतो. इंजिन थंड असेल तर विलंब वाढतो आणि ठोकाही वाढतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली जातो तेव्हा सकाळी सुरू केलेली गाडी काही वेळ कर्कश चालते, किंचित पांढरा धूर सोडते आणि गरम झाल्यावर शांत होते. हा आजार नव्हे. हाच कर्कशपणा इंजिन गरम झाल्यावरही सगळ्या सिलिंडरमधून सारखाच येत राहिला, आणि तोही डिझेल पंपाचे काम करून आणल्यानंतर, तर पंपाचे टायमिंग पुढे बसले असण्याची, म्हणजे डिझेल वेळेआधी फवारले जात असण्याची शक्यता आधी तपासावी.

यानंतर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहावी. ऑइल कमी असेल तर ते योग्य ग्रेडने पूर्ण करून पुन्हा ऐकावे. मात्र पातळी वाढलेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवणे तिथेच थांबवावे, कारण डिझेल मिसळलेले पातळ ऑइल बेअरिंगला धरून ठेवू शकत नाही. अशा गाडीत नुसते ऑइल बदलून भागत नाही. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा फाटलेला डायफ्राम, मुख्य पंपाचे सील किंवा इंजेक्टरच्या टोकाचे, डिझेल फवारणारे गळके नोझल यांपैकी डिझेल कोठून उतरते, ते शोधावेच लागते.

लयीचा विचार गॅरेजमध्ये फारसा कोणी करत नाही, पण माझ्या मते सर्वांत जास्त माहिती तीच देते. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एक फेरी पूर्ण होते. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका सैल टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) ठोका मिनिटाला ४०० वेळा पडतो आणि क्रँकशाफ्टवरच्या बेअरिंगचा ठोका साधारणपणे प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे दुप्पट वेळा पडतो. इतके जलद ठोके कानाने मोजता येत नाहीत हे खरे. परंतु मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून तो पाव वेगाने वाजवला की मिनिटाला १०० आणि २०० यांतला फरक कोणालाही कळतो.

एखाद्या नोझलचा ठोकाही टॅपेटप्रमाणे दोन फेऱ्यांत एकदाच पडत असल्याने या दोघांची गल्लत होते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात ती दूर करण्याची पद्धत सरळ आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट थोडा ढिला करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचे डिझेल तुटते. ठोका थांबला तर दोष त्या सिलिंडरच्या ज्वलनात, बहुधा नोझलमध्ये आहे. ठोका जसाच्या तसा राहिला तर टॅपेटकडे वळावे आणि फीलर गेजने गॅप मोजावा. ढिला करताना पाइपभोवती जाड कापड धरावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि हात धारेच्या समोर आणू नये. कॉमन रेल, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी व्यवस्था, असलेल्या गाडीत मात्र हा प्रयोग कोणत्याही परिस्थितीत करू नये. तिथे दाब १,००० बारच्याही वर जातो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात डिझेल घुसवते. जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण तेवढ्यावरून हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

दोष नोझलमध्ये ठरला तर ते काढून पंप-नोझलवाल्याकडे टेस्टरवर स्वतः उभे राहून पाहावे. चांगले नोझल बारीक धुके सोडते. बिघडलेल्यातून धार येते किंवा टोकाला थेंब लोंबतो. नोझल परत बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच घालावा. जुना वॉशर धरला नाही तर तिथून कॉम्प्रेशन सुटते, ‘चफ-चफ’ असा आवाज येतो आणि भोवती काळा थर साचतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग गेल्यावर येणारी टकटकही अशीच फसवी असते. लोखंड तापून फुगले की ती बरेचदा कमी होते.

आमच्या गाडीचा आवाज यांपैकी कशातच बसत नव्हता. आयडलिंगला, पत्र्याच्या डब्यात नट घालून हलवावेत तशी खडखड येत असे. एक्सलेटर दिला की ती विरळ होई. एका गॅरेजने बेअरिंग गेल्याचे सांगून खर्चाचा अंदाजही दिला होता. दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून त्याचे टोक ब्लॉकवर, हेडवर आणि टायमिंग कव्हरवर फिरवले, आणि म्हणाले, “भाऊ, बेल्ट काढून अर्धा मिनिट चालवून बघू, मग बोलू.” आल्टरनेटर फिरवणारा बेल्ट काढला आणि खडखड पूर्ण थांबली.

दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरच्या पाठीमागे बसवलेल्या व्हॅक्यूम पंपात होता. पेट्रोल इंजिनाप्रमाणे हवा अडवून ओढ निर्माण करण्याची सोय जुन्या डिझेल इंजिनात नसल्याने ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो, आणि आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो आल्टरनेटरच्या शाफ्टवरच असतो. आल्टरनेटर क्रँकपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे त्या आवाजाची लय क्रँकशीही जुळत नव्हती आणि कॅमशीही नाही. पंप खोलल्यावर पात्यांच्या कडा झिजलेल्या दिसल्या आणि ज्या गोल घरात पाती फिरतात त्याच्या आतल्या अंगाला उभ्या रेघांची ओळ उमटली होती. मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. पंपाला ऑइल पोहोचवणाऱ्या बारीक पाइपचा बोल्ट काढून त्यांनी उजेडात धरला, तेव्हा त्याच्या भोकात घट्ट काळा कीट बसलेला होता आणि आरपार काहीच दिसत नव्हते. तो साफ न करता नवा पंप बसवला असता तर तोही कोरडा फिरून लवकरच वाजू लागला असता. अशा गाडीत ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा कडक लागत असेल तर ती खूण आवाजाइतकीच गंभीरपणे घ्यावी. बेल्ट काढून केलेली तपासणीही उभ्या गाडीवर आणि थोडाच वेळ करावी. बेल्टशिवाय चार्जिंग नसते, पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही बंद असतो, आणि ब्रेकची मदत तुटते.

खरोखर बेअरिंग गेले असेल तर चित्र वेगळे असते. ठोका जड आणि खोल असतो, ऑइलपॅनच्या बाजूने जास्त येतो, भार पडल्यावर किंवा एक्सलेटर देऊन सोडताना वाढतो, आणि इंजिन तापून ऑइल पातळ झाले की अधिक स्पष्ट होतो. गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर गेज लावून मोजावे, आणि ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून पाहावा. त्यात राखाडी चकाकणारे कण किंवा तांबूस कीस असेल तर शंका उरत नाही. ऑइलचा दिवा लागला असेल तर गाडी त्याच जागी बंद करावी आणि गॅरेज दोन किलोमीटरवर असले तरी टोचन करून न्यावी. वेळीच थांबलेल्या इंजिनाचा क्रँक बहुधा घासून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीच्या) बेअरिंगवर पुन्हा उभा राहतो. तसेच रेटत नेले तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडू शकतो, आणि मग दुरुस्त करण्यासारखे फारसे काही उरत नाही.